सरांच्या पुस्तकातली चिठोरी

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "काहीतरी हलकंफुलकं बोल" असं बजावलंय. हलकंफुलकं बोलणारी आपल्या वर्गात माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत. त्यातली दोन-तीन तर सकाळपासून थांबलेलीच नाहीत. मी एका पुस्तकाविषयी बोलणार आहे. ते पुस्तक मागच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलंय. मघाशी त्याच्या शेजारी कुणीतरी चहाचा कप ठेवला होता, तो मी उचलला. कुणाचा होता ते विचारत नाही.

पुस्तक तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपल्या शाळेत सर पुष्कळ होते, पण पुढे-मागे काही न लावता नुसतं "सर" म्हटलं की ते एकच. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल, आणि सायकलच्या हँडलला अडकवलेली कापडी पिशवी. त्यांनी वाईच्या घाटांवर, देवळांवर आणि त्यांच्यावरच्या लेखांवर लिहिलेलं ते निळ्या कव्हरचं पुस्तक. पानं एकशे बारा. १९८६ मध्ये त्यांनी ते स्वतःच्या पैशांनी छापलं, आणि न खपलेल्या प्रती पुढची कित्येक वर्षं शाळेच्या बक्षीस समारंभात वाटल्या गेल्या. निबंधाला तेच, रांगोळीला तेच, चमचा-लिंबूलाही तेच. माझ्याकडे तीन प्रती जमल्या होत्या. तिन्ही मी न वाचता ठेवल्या. त्याचं कारण पुढे सांगते.

टेबलावर आहे ती मात्र बक्षिसातली प्रत नव्हे. ती सरांची स्वतःची प्रत आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी मला सरांच्या मुलीचा, म्हणजे ताईंचा, फोन आला. सर जाऊन आता काही वर्षं झाली. घर पाडून नवीन बांधायचं ठरलं होतं, आणि पुस्तकांची वाटणी चालू होती. चांगली पुस्तकं वाचनालयाला, बाकीची रद्दीत. "एका पुस्तकातल्या कागदावर तुझं नाव आहे," ताई म्हणाल्या, "ते टाकावंसं वाटेना. नेतेस का?" माझं नाव सरांच्या पुस्तकात कशाला असेल, हे मला कळेना. इतिहासात मला किती मार्क पडायचे ते बाईंना आठवत असेल. (बाई हसताहेत, म्हणजे आठवतंय.)

मी गेले आणि पुस्तक घेऊन आले. ते मूळच्या दुप्पट फुगलेलं होतं आणि पायजम्याच्या नाडीने बांधलेलं होतं. उघडलं तर आत चिठोरीच चिठोरी. एसटीच्या तिकिटांच्या मागे लिहिलेलं. कालनिर्णयच्या फाडलेल्या पानांवर, लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, आंतर्देशीय पत्राच्या कडेला लिहिलेलं. वर्तमानपत्रांची कात्रणं वेगळी. आपल्याच उत्तरपत्रिकांच्या पुरवण्यांचे उरलेले कोरे तुकडेही सापडले. सरांना कोरा कागद फुकट गेलेला बघवत नसे.

आता माझी चूक सांगते. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते, चोवीस वर्षं झाली. नवीन मुलांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते: चालू असलेल्या यंत्रणेला हात लावण्याआधी ती जशी आहे तशी कुठेतरी जपून ठेवा. आणि त्याच मी, त्या संध्याकाळी, उत्साहाच्या भरात सगळी चिठोरी पुस्तकातून काढली, आकाराप्रमाणे लावली, छान गठ्ठा केला आणि मोबाइलने एकेकाचे फोटो काढले. त्रेचाळीस चिठोरी. फोल्डरला नाव दिलं, चहा केला, आणि वाचायला बसले.

पहिल्याच चिठोऱ्यावर होतं: "हे चूक. वरील मजकूर काढावा."

वरील म्हणजे कुठला?

दुसऱ्यावर: "येथे पाहणीत दोन ओळी आढळल्या, एक नव्हे." येथे म्हणजे कुठे? ते चिठोरं ज्या पानात होतं, तिथे. आणि ते पान कुठलं, हे जगात फक्त त्या पुस्तकाला माहीत होतं. मी ते नीटनेटकेपणाच्या नादात पुसून टाकलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवऱ्याला वाटलं ऑफिसात काही झालं.

माझ्या ओळखीच्या एक ग्रंथपाल आहेत, त्यांना दुसऱ्या दिवशी फोन केला. त्या रागावल्या नाहीत, नुसता "अरेरे" म्हणाल्या, आणि ते जास्त लागलं. मग त्यांनी सांगितलं की पुस्तक सगळंच विसरत नाही, नीट बघ. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं. कात्रण वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलं की समोरासमोरच्या दोन्ही पानांवर त्याच्या आकाराची तपकिरी सावली पडते. टाचणी असेल तर तिचा गंज पानाला लागतो. शाई ओली असताना पुस्तक मिटलं असेल तर अक्षरांचा उलटा ठसा समोरच्या पानावर उमटलेला असतो. मी खिडकीशी बसून, पान तिरपं धरून, एकेक सावली मोजपट्टीने मोजली आणि कागदाशी ताडून पाहिली. चार रविवार गेले. सव्वीस चिठोऱ्यांच्या जागा अशा सापडल्या. आणखी आठ मजकुरावरून बसवता आली. नऊ राहिली. त्या नऊंकडे मी शेवटी येते, कारण त्यात मला तुमची मदत हवी आहे.

आता माझं नाव.

नववीत असताना, १९९३ च्या डिसेंबरात, सरांनी आपल्याला घाटावर नेलं होतं. आठवतंय? ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीशी उभं करून त्यांनी ती भिंत माशासारखी निमुळती का बांधलीय ते सांगितलं होतं. कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. मग मुलांपैकी काही जण पाण्यात उतरले, त्यांना ओरडा बसला, आणि मग आपण गंगापुरीकडच्या एका लहानशा देवळापाशी गेलो. चौकटीच्या वर लेख होता. अक्षरं झिजलेली, पण शक वाचता येत होता आणि महिना वाचता येत होता. महिना माघ. सरांनी वहीत लिहायला सांगितलं: शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा, इसवी सन येईल.

मी आकड्यांच्या बाबतीत आधीपासूनच अशी खोडकर. आदल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर पानिपतची तिथी लिहून दिली होती: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, म्हणजे १४ जानेवारी १७६१. पानिपत त्यांनी आपल्याला तीन तास शिकवलं होतं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये इथे वाईतच प्रसिद्ध केला आणि त्यात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत, हा त्यांचा अभिमानाचा विषय. तर मी वहीत मागे जाऊन बेरीज केली. १६८२ मध्ये ७८ मिळवले तर १७६० येतात. १७६१ यायला ७९ मिळवावे लागतात. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, पानिपतला ७९ आणि इथे ७८ का?"

सर म्हणाले, "आकडेमोड वेगळी आणि इतिहास वेगळा. वही बंद कर आणि दगड बघ."

तुम्ही हसलात. सगळेच हसलात. मला त्याचं आता काही वाटत नाही, पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि दोन वेण्या घालत होते. त्या दिवसानंतर मी इतिहासाच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. नंतर कित्येक वर्षं कुणी विचारलं तर "मला इतिहासात रस नाही" असं मी सांगत आले, इतकं की मलाही ते खरं वाटायला लागलं. तिन्ही प्रती न वाचता पडून राहिल्या त्या म्हणून.

प्रश्न बरोबर होता की नाही, ते थोडक्यात सांगते, कारण इथे चार्टर्ड अकाउंटंट तीन जण आहेत आणि त्यांना हे लगेच कळेल. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून २०२४-२५ या वर्षातला फेब्रुवारी २०२५ मध्ये येतो. शकाचंही तसंच, फक्त १ एप्रिलच्या जागी गुढीपाडवा. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारी उजाडली की पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठात, म्हणून ७८ मिळवून १६७४. पण जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणून ७९ मिळवून १६३०. माघ आणि फाल्गुन नेहमी ७९ मध्ये. पौष मधोमध येतो, तो निम्मा इकडे निम्मा तिकडे, तिथे जंत्री उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या धंद्यात याला "एकाने चुकणे" म्हणतात आणि माझा निम्मा पगार अशा चुका शोधण्याचा आहे.

सरांना हा नियम माहीत नव्हता असं मुळीच नाही. पानिपतची तारीख त्यांनीच दिली होती. पण पुस्तक लिहिताना लेखांचे शक त्यांनी एकामागून एक, हातासरशी, ७८ मिळवून उतरवून काढले होते. सवयीने हात चालतो तेव्हा डोकं दुसरीकडे असतं. माझंही असतं.

तर त्या देवळाच्या पानावर, म्हणजे पान ४१ वर, समासात शिसपेन्सिलीने लिहिलंय: "९ जाने. १९९४. मोडक जंत्री पाहिली. मुलगी बरोबर. ७९ हवे."

९ जानेवारी. म्हणजे घाटावरच्या त्या दिवसानंतर महिन्याभरात. मी शाळेत होते. दीड वर्ष त्यांच्यासमोर तिसऱ्या बाकावर बसत होते.

मला राग आला. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे. एक वाक्य सांगायचं होतं, तेही वर्गात नको, व्हरांड्यात चाललं असतं.

पण मग मी पानं उलटत गेले. सरांनी त्या एका लेखावर थांबून सोडून दिलं नव्हतं. सगळं पुस्तक पुन्हा तपासलं होतं. प्रत्येक शकाशेजारी पेन्सिलीची बारीक टिंबं आहेत, बरोबर असेल तर एक, चूक असेल तर दोन. माघ-फाल्गुनातल्या आणखी सहा ठिकाणी तीच चूक निघाली. काही पानांवर निळी शाई आहे, काहींवर नंतरची काळी, आणि शेवटच्या काही नोंदींतलं अक्षर थरथरलेलं आहे. निवृत्तीनंतरही ते दर हिवाळ्यात, पाणी कमी झालं की, घाटावर जाऊन एकेक लेख पुन्हा वाचत होते. एसटीची तिकिटं सगळी मेणवलीची आणि धोमची आहेत. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेचं पान तुम्ही बघाच. वसईच्या मोहिमेतून आलेली ती घंटा, नाना फडणवीसांच्या वाड्याखालच्या घाटावर टांगलेली, तिच्यावर १७०७ हे साल आहे. तिथे सरांनी समासात लिहिलंय, "हे साल इसवीचेच. यात काहीही मिळवू नये!" पुढे उद्गारचिन्ह. ते वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

आणि पान ११० पाशी टाचणीने लावलेला एक दुमडलेला फुलस्केप निघाला. वर "शुद्धिपत्र" असं लिहिलेलं. सातही दुरुस्त्या ओळीने, पान आणि ओळीच्या आकड्यासकट. खाली शेवटच्या ओळीत, "ही चूक इयत्ता नववी ब मधील" आणि पुढे माझं नाव, "हिने लक्षात आणून दिली." नाव लिहून खोडलंय आणि खाली पुन्हा लिहिलंय. का खोडलं, का पुन्हा लिहिलं, ते कसं कळणार? त्याच टाचणीला छापखान्याचा दुसऱ्या आवृत्तीच्या खर्चाचा अंदाजही लावलेला होता. त्याच्या मागच्या बाजूला सरांनी भविष्यनिर्वाह निधीतल्या शिलकेची वजाबाकी केलीय. ती जमली नाही. त्या सालात ताईंचं लग्न झालं.

दुसरी आवृत्ती निघाली नाही. शुद्धिपत्र त्या प्रतीतच राहिलं. आणि चुकीच्या प्रती बक्षीस म्हणून वाटल्या जात राहिल्या, आपल्यानंतरच्या तुकड्यांनाही. गंगापुरीकडच्या त्या देवळावर आज जी रंगवलेली पाटी आहे, तिच्यावर पुस्तकातलंच चुकीचं साल आहे. काल मी बघून आले. पाटी सुंदर रंगवलीय, साल मात्र एकाने मागे.

आता एक गोष्ट, जी मी आपल्यातल्या एका मित्राची परवानगी घेऊन सांगते आहे. तो इथे बसलाय. नाव तो स्वतः सांगेल तर सांगेल.

पुस्तकाला निळ्या कव्हरावर तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं होतं, आपण वह्यांना घालायचो तसं. ते एका बाजूला जाड लागत होतं. बघते तर तपकिरी कागद एकावर एक दोन. आतलं कव्हर जुनं आणि विरलेलं, त्याच्यावर कधीतरी नवीन घातलेलं. आणि त्या दोघांच्या मध्ये मोडीत लिहिलेले दोन जुने कागद, त्यांना सुतळीने बांधलेली चिठ्ठी: अमक्यांच्याकडून पाहण्यासाठी आणले, १९८८, आणि खाली "परत करणे", दोनदा अधोरेखित.

आडनाव आपल्या वर्गातलं होतं.

मी लगेच फोन केला नाही. आधी पुण्यात मोडी वाचणाऱ्या एकांना दाखवले. कागदात काय आहे ते मी इथे सांगणार नाही, ती त्या घरची गोष्ट आहे. एवढंच सांगते की त्यातली तारीख शुहूर सनात होती, पेशवाईतल्या कागदांत असते तशी अरबी शब्दांत. ही मोठी मजेदार पद्धत आहे. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, असे ११६१. एकक आधी, हजार शेवटी. आमचे काही संगणक आकडे अगदी अशाच उलट्या क्रमाने साठवतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण सन मृग लागला की बदलतो. म्हणजे इथेही पुन्हा एकाचा घोळ आहेच. सरांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे त्या अरबी आकड्यांचं कोष्टक करून ठेवलंय, तेही टेबलावर आहे.

मग मी मित्राला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा शेवटपर्यंत म्हणत होते, मास्तरांनी कागद नेला तो नेला." त्यांच्या घरात वाटणीचा दावा चालू होता, आणि तो कागद असता तर, असं आजोबांना वाटत राहिलं. वकील म्हणाले होते की असता तरी फरक पडला नसता. पण न दाखवलेल्या कागदाबद्दल असं म्हणणं सोपं असतं. त्या घराचं आणि सरांचं बोलणं बंद झालं. आपला मित्र इतिहासाच्या तासाला कायम शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायचा, आणि आपण सगळे त्याला झोपाळू म्हणायचो.

सरांनी कागद शोधला नाही असंही नाही. पान ७७ मध्ये एक चिठोरं आहे, १९९१ सालचं. त्यावर यादी आहे: लोखंडी कपाट, माळ्यावरची ट्रंक, शाळेतलं कपाट, देवघर, धाकट्या भावाकडे. प्रत्येकासमोर फुली. ज्या पुस्तकात ही यादी होती, त्याच पुस्तकाच्या कव्हराच्या आत कागद होता. जपून ठेवायचा म्हणून तिथे ठेवला असणार, आणि मग वरून नवीन कव्हर घातलं गेलं. यादीच्या खाली लिहिलंय, "त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ?"

हेच सर आपल्याला कारीच्या जेध्यांची गोष्ट सांगायचे. त्या घराण्याने आपल्याकडची शकावली दिली, लोकमान्यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शिवाजी महाराजांच्या जन्माचं साल १६२७ की १६३० हा सगळा प्रश्न त्या एका घरच्या कागदाने नव्याने उभा राहिला. "घरातले कागद द्या," ते पालकसभेतसुद्धा सांगायचे, "तुमच्या माळ्यावर इतिहास पडलाय." लोक देत होते. आणि एका घराचा कागद सरांच्या घरी तीस वर्षांहून जास्त हरवला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मी त्यांची वजाबाकी करायच्या भानगडीत पडत नाही.

मित्र पुढच्या रविवारी पुण्याला आला. कागद मी पाकिटात घालून दिले. घडी उलगडून सपाट केले होते, चिकटपट्टी कुठेही लावली नव्हती. त्याचे वडील आहेत, थकलेत. मोडी त्यांना येत नाही, म्हणून मी वाचून घेतलेला मजकूर मोठ्या अक्षरात छापून दिला. सरांविषयी तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. निघताना मात्र "परत करणे" लिहिलेली ती चिठ्ठी त्याने मागून घेतली. म्हणून ती टेबलावर नाही, तिचा फक्त फोटो आहे.

आता कामाचं. ताईंची इच्छा आहे की ही प्रत शाळेत राहावी. मी एक पुठ्ठ्याची पेटी करून आणलीय. प्रत्येक चिठोरं वेगळ्या पाकिटात आहे आणि पाकिटावर पान क्रमांक पेन्सिलीने लिहिलाय. सगळ्याचे फोटो मी मागेल त्याला पाठवीन. शाळेला हे ठेवणं जमणार नसेल तर बाईंनी मोकळेपणाने सांगावं, आपण दुसरी जागा बघू. सरांचं शुद्धिपत्र मी जसंच्या तसं छापून आणलंय, शंभर प्रती, या स्मरणिकेच्या आत घातलंय. ज्यांच्या ज्यांच्या घरी बक्षिसातलं निळं पुस्तक असेल, आणि प्रत्येकाच्या घरी असणारच, त्यांनी सातही ठिकाणी हाताने दुरुस्ती करावी. देवळाच्या पाटीसाठी मी तिथल्या पुजाऱ्यांशी बोलले. ते म्हणाले, रंगाचा खर्च तुम्ही करा, साल आम्ही बदलतो. तेवढी वर्गणी आजच गोळा करू या.

आणि ती नऊ चिठोरी. ती टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात काचेखाली ठेवली आहेत. त्यांतल्या चारांवरचं अक्षर सरांचं नाही. ते मुलांचं आहे, निळ्या पेनाचं, गोल गोल. मला दाट शंका आहे की आपणच घाटावर जी टिपणं करून त्यांना दिली होती, त्यांतली ती आहेत. एकावर पायऱ्यांची संख्या आहे, एकावर कासवाचं चित्र आहे आणि कासवाला मिशा आहेत. मिशा कुणी काढल्या ते मला माहीत आहे, पण कासव कुठल्या देवळातलं ते त्यानेच सांगावं. अक्षर ओळखा, जागा आठवते का बघा, आणि आठवली तर शेजारच्या वहीत पेन्सिलीने लिहा. पेन ठेवलेलं नाही, मुद्दाम.

नवव्या चिठोऱ्यावर सरांच्या हातचं एवढंच आहे: "पाणी उतरल्यावर पुन्हा पाहणे. तिसरी पायरी, डावीकडे." कुठला घाट, ते नाही. सध्या पाणी उतरलंय. उद्या सकाळी सात वाजता मी गणपती घाटापासून सुरुवात करणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी या. चपला जुन्या घाला, शेवाळ आहे.

टेबलाकडे जेवणाआधी या. जेवणानंतर येणार असाल तर हात धुऊन.